मालूताईंचा झटपट फ्रेंच कोंबडा

एका जंगलात कोणालाच वेळ नव्हता.

हसू नका, मुलांनो. तुमच्या घरी आहे का कोणाला? मग गप्प बसा आणि ऐका.

या जंगलात उजाडलं की जो तो धावत सुटायचा. हरणं धावायची हे ठीक आहे, हरणांचं कामच ते. पण इथली कासवंसुद्धा धापा टाकत जायची आणि कोणी हाक मारली तर "नंतर बोलू हं!" असं ओरडून पुढे सरकायची. सुगरणींनी घरटी विणणं सोडून दिलं होतं. त्या तयार घरटी मागवायच्या. ती कोण विणतं, हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती.

जंगलाचे राजे होते वाघोबा साहेब. त्यांनी मोठ्या वडाखाली कचेरी थाटली होती. तिथे दिवसभर बैठका चालत. कालच्या बैठकीत ठरलेलं काम का झालं नाही, यावर आज बैठक बसे. त्यात आजचं काम राहून जाई आणि उद्याच्या बैठकीची सोय होई.

या कचेरीत मालूताई नावाची एक कोल्हीण कामाला होती. हुशार होती, नीटनेटकी होती, बोलायला जरा फटकळ होती. तिला एकच खोड होती. 'हे तुला जमणार नाही' असं कोणी म्हणालं की ते तिला जमवावंसंच वाटे. आणि कोणी तसं म्हणालं नाही, तरी तिला ते ऐकू येई.

दर हिवाळ्यात त्या जंगलात परदेशातून एक करकोचा येत असे. फ्रान्स देशात एका घराच्या धुराड्यावर त्याचं घरटं होतं. एकदा कचेरीत चहाच्या वेळी तो तिथल्या जेवणाच्या गोष्टी सांगत बसला.

"आमच्याकडे एक पदार्थ करतात, कोकोव्हाँ," करकोचा डोळे मिटून म्हणाला. "जून कोंबडा घ्यायचा. लाल दारूत भिजवायचा. कांदे, अळंबी, गाजरं घालून दिवसभर मंद आचेवर रटरटू द्यायचा. काय वास सुटतो म्हणून सांगू!"

वाघोबा साहेबांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी मिशी पुसली आणि उसासा टाकला.

"आपल्याकडे कोण करणार असलं?" ते म्हणाले. "दिवसभर चुलीपुढे बसायला वेळ कोणाला आहे?"

झालं. मालूताईंचे कान उभे राहिले.

"इश्श, त्यात काय दिवसभर बसायचंय?" ती म्हणाली. "मी कचेरीतून घरी गेल्यावर सहज करीन."

"मग बुधवारी येतो," वाघोबा साहेब म्हणाले. मोठ्या लोकांना अशा कामाला बरोबर वेळ असतो.

आता कोंबडा पकडायचा तर दबा धरून बसावं लागतं. दबा धरायला सवड हवी. मालूताईंनी माकडांच्या घरपोच सेवेला निरोप धाडला, 'एक कोवळी कोंबडी, बुधवारी.' आणि बुधवारी माकडानं दारात पोतं आणून आपटलं. पोत्यातून निघाला रंगराव.

रंगराव म्हणजे शेजारच्या वाडीतला सगळ्यात म्हातारा कोंबडा. तुरा अजून लालभडक, पण मांड्या नुसत्या दोरखंड. आवाजाचा त्याला भारी गर्व. आपण आरवतो म्हणून सूर्य उगवतो, असं तो रोज सांगे. त्याची बायको गोदा ते ऐकून घेई आणि दाणे टिपत राही. माकडानं त्याला एवढंच सांगितलं होतं, "तुमचा आवाज ऐकायला पब्लिक जमलंय." रंगराव आपल्या पायांनी पोत्यात शिरला होता.

"ही कोवळी कोंबडी?" मालूताईंनी विचारलं.

"कोवळा माल संपला, ताई. बदलून हवा तर उद्या बघू," असं म्हणून माकड उडी मारून पसार झालं. त्यालाही वेळ नव्हता.

मालूताईंनी रंगरावाला स्वयंपाकघरात डालग्याखाली झाकलं, वर पाटा ठेवला आणि कचेरी गाठली.

संध्याकाळी ती घरी आली ती पळतच. मागोमाग करकोचा आला. चुलीजवळ एका पायावर उभा राहून तो सूचना देऊ लागला.

"आधी कोंबडा रात्रभर दारूत भिजत घालायचा."

हे ऐकून डालग्याखाली रंगरावाचा जीव भांड्यात पडला. म्हणायची पद्धत आहे हो ही. भांड्यात पडू नये, हीच तर बिचाऱ्याची धडपड होती. रात्रभर मिळाली तर काहीतरी करून पळता येईल, असं त्याला वाटलं.

"रात्रभर?" मालूताई किंचाळली. "साहेब दिवेलागणीला येतायत! भिजवणं रद्द. अस्वलाकडची मोहाची आणलीय, ती वरून ओतू."

रंगरावाची रात्र गेली.

"मग बोराएवढे कांदे घ्यायचे आणि एकेक करून सोलायचे."

"एकेक? मी मोठेच चिरते."

"मग डुकराची चरबी मंद आचेवर वितळवायची."

"शेजारी रानडुक्कर राहतं. चांगले संबंध आहेत आमचे. रद्द."

"मग अळंबी वेगळी परतायची, गाजरं वेगळी."

"सगळं एकाच भांड्यात," मालूताई म्हणाली आणि तिनं खरंच सगळं एकाच भांड्यात लोटलं.

इकडे तिचं काम कमी होत होतं आणि तिकडे रंगरावाचं आयुष्य. तो घाबरला. अगदी मनापासून घाबरला. त्याला गोदा आठवली. लग्न झाल्यापासून आपणच बोलत आलो, ती काय म्हणते ते एकदाही ऐकलं नाही, हेही आठवलं. त्याला फार वाईट वाटलं.

"आता किती वेळ लागेल?" मालूताईंनी पदर खोचत विचारलं.

"रस्सा काय, झालाच," करकोचा म्हणाला. "पण तुमचा कोंबडा चांगलाच जून आहे. तो शिजेपर्यंत पहाट होणार."

मालूताई मटकन खाली बसली. बाहेर उन्हं उतरली होती.

मुलांनो, कोंबड्याचं डोकं लहान असतं. पण मान जायची वेळ आली की ते फार छान चालतं.

"ताई," डालग्याखालून आवाज आला, "मधेच बोलतो म्हणून रागावू नका. पण तुमचे हाल मला बघवत नाहीत."

"माझे हाल?"

"नाहीतर काय! दिवसभर कचेरी, आल्या आल्या चूल. पण डोकं काय आहे हो तुमचं! भिजवणं काढलंत. सोलणं काढलंत. चरबी काढलीत. जे जे वेळ खातं ते बाजूला. वा! आता मला सांगा, उरलेल्यात सगळ्यात जास्त वेळ कोण खातंय?"

मालूताईंनी भांड्यात पाहिलं. मग चुलीकडे पाहिलं. मग डालग्याकडे पाहिलं.

"तू," ती म्हणाली.

"मी माझ्यासाठी बोलत नाही हं," रंगराव घाईघाईनं म्हणाला. "मी आपलं तत्त्व सांगतोय. मला कापा, पिसं उपटा, साफ करा, तुकडे करा, पहाटेपर्यंत शिजवा. आणि एवढं करून मी चिवट लागणार तो लागणारच. आमच्या घराण्यात सगळे चिवट. माझे आजोबा तर तीन लांडग्यांनी परत पाठवले होते."

"अरे, पण कोंबड्याशिवाय कोंबडा कसा होईल?"

"भिजवल्याशिवाय झालाच ना?"

मालूताईंनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर काजवे चमकायला लागले होते.

"बरोबर आहे," ती उठत म्हणाली. "कोंबडा रद्द!"

करकोच्यानं बोलायला चोच उघडली. पण त्याचं एक गुपित होतं, ते तुम्हाला सांगतो. त्यानं तो पदार्थ कधी खाल्लाच नव्हता. फ्रान्समधल्या त्या घराच्या आतही तो कधी गेला नव्हता. धुराड्यातून जे वर येई तेवढंच त्याचं ज्ञान. धुरात दारूचा वास यायचा, कांद्याचा यायचा. कोंबडा काही वर आलेला त्यानं पाहिला नव्हता. त्यानं चोच मिटली आणि मग पुन्हा उघडली.

"तिकडेही हल्ली असंच करतात," तो म्हणाला.

वाघोबा साहेब आले. मांडी घालून बसले. मालूताईंनी द्रोणात वाफाळता रस्सा वाढला. साहेबांनी वास घेतला, एक भुरका मारला, मग पंज्यानं द्रोण ढवळून पाहिला. खालपर्यंत ढवळला.

"मालूताई, यात कोंबडा दिसत नाही तो?"

मालूताईंची शेपूट ताठ झाली. साहेब रिकाम्या पोटी घरी जाणारे नव्हते. कोंबडा नाही मिळाला तर कोल्हीण चालेल, असा त्यांचा स्वभाव. आणि डालग्याखाली रंगरावानं श्वास रोखून धरला, कारण मालूताईंना जीव वाचवायला फक्त ते डालगं उचलायचं होतं. तिचा हात तिकडे निघालाही.

"साहेब, हीच तर खूण आहे!" करकोचा मधे पडला. "शिकाऊ हाताखाली कोंबडा भांड्यात दिसतो. मुरलेल्या हाताखाली तो विरघळतो. आमच्याकडे भांड्यात तुकडा दिसला तर पाहुणे उठून जातात."

आपल्याला हे माहीत नव्हतं, असं साहेब कसं म्हणणार? त्यांनी आणखी एक भुरका मारला.

"मला वाटलंच," ते म्हणाले. "चव तर अगदी बरोबर लागतेय."

मग त्यांनी पुन्हा वाढून घेतलं. पुन्हा घेतलं. मोहाची आपलं काम करत होती. साहेब खुशीत आले, आणि खुशीत आलेले साहेब लोक जे करतात तेच त्यांनी केलं. दोष काढला.

"फक्त एक सांगतो. कोंबडा जरा कमअस्सल होता. मला खाल्ल्याबरोबर कळतं. याला धड आरवताही येत नसणार."

आता मुलांनो, जीव वाचला होता. गप्प बसायचं की नाही? पण रंगरावानं सगळं सोसलं असतं, हे नाही सोसलं. त्यानं छाती फुगवली आणि डालग्याखालून अशी खणखणीत बांग दिली की द्रोणातला रस्सा हिंदकळला.

साहेबांनी कान टवकारले.

"हे काय वाजलं?" वाघोबा साहेबांनी विचारलं.

"घड्याळ, साहेब," मालूताई म्हणाली. "गजर लावून ठेवलाय. उद्या सकाळची बैठक आहे ना, पाहुण्यांना उशीर नको व्हायला."

"अरे हो, बैठक!" साहेब ताडकन उठले. "बरी आठवण झाली. कमाल आहे बाई तुमची, एवढं फ्रेंच जेवण आणि तेसुद्धा इतक्या झटपट!" आणि ते मिशा न पुसताच निघून गेले. करकोचाही त्यांच्यामागे उडाला. कौतुकाच्या वेळी तो कधी मागे राहत नसे.

मालूताईंनी भांड्यात डोकावून पाहिलं. तळाशी एक गाजर उरलं होतं. दिवसभरात तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. ती डालग्यापाशी गेली, पाटा काढला, डालगं उचललं. कोल्हीण आणि कोंबडा समोरासमोर आले.

"मला फार भूक लागलीय रे," मालूताई म्हणाली.

रंगरावाला या वेळी काही सुचलं नाही. तो नुसता मागे मागे सरकला.

मालूताईंनी विझलेल्या चुलीकडे पाहिलं. खरकट्या भांड्यांकडे पाहिलं. पिसं, सुरी, पुन्हा सरपण, पुन्हा फुंकणी. तिला रडूच आलं.

"जा तू," ती म्हणाली. "माझ्यात त्राण नाही. फक्त एक कर, पहाटे येऊन बांग दे. मला जाग येत नाही वेळेवर." "शब्द दिला, ताई," असं म्हणून रंगरावानं दार गाठलं. मग तिनं ते गाजर खाल्लं आणि तिथेच भिंतीला टेकून झोपून गेली.

रंगराव जो सुटला तो वाडीत येऊनच थांबला. गोदेला त्यानं सगळी हकीकत सांगितली. तिनं ती शेवटपर्यंत ऐकली.

"मग जाणार पहाटे आरवायला?" तिनं विचारलं.

"शब्द दिलाय मी."

"जा की. पण अहो, उंच झाडावरून आरवा. आणि जरा उशिरानं आरवा."

"उशिरानं? माझी बांग आणि उशिरानं?"

"ती बाई वेळेवर उठली तर तिच्या हाताशी वेळ राहील," गोदा म्हणाली. "वेळ राहिला तर ती स्वयंपाक नीट शिकेल. आणि शिकली, की तुम्हाला घेऊन जाईल."

लग्नानंतर पहिल्यांदाच रंगरावानं बायकोचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो चिंचेच्या शेंड्यावर बसून राहिला. सूर्य त्याच्याआधी, त्याला न विचारता उगवला. रंगरावाला वाईट वाटलं. पण जिवंत राहून वाईट वाटतंय, हे काही कमी नव्हतं. मग त्यानं बांग दिली आणि मालूताई अर्धवट शेपूट विंचरून, "उशीर झाला, उशीर झाला!" करत कचेरीकडे धावली.

कचेरीत तिचं फार कौतुक झालं. तिची झटपट पद्धत घराघरांत गेली. लांडगीण झटपट सशाचा रस्सा करू लागली, बिबट्याकडे झटपट हरीण होऊ लागलं. सगळं एकाच भांड्यात, जे वेळ खाईल ते रद्द. दारोदार जाऊन ही पद्धत शिकवायचं काम ससे आणि हरणं आनंदानं करत. आणि रंगराव रोज आरवतो, मुलांनो, रोज, अगदी न चुकता उशिरा.

तात्पर्य: स्वयंपाक नेहमी घाईघाईत उरकावा. सावकाश, निगुतीनं, जीव ओतून रांधणाऱ्यांच्या हातून आजवर फार कोंबडे मेले आहेत.