सोनावणेकाकांचा खडखडाट

महिन्यातून एकदा आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, कुणाच्या तरी कुरडयांशेजारी, कीबोर्डची बटणं वाळत असतात. खाली जुनी साडी, तिच्यावर धुऊन ओळीने मांडलेली शंभरेक बटणं, आणि बाजूला खुर्ची टाकून कावळे हाकणारे सोनावणेकाका. दुसऱ्या खुर्चीवर विमलकाकू. मधुमेहाने काकूंची दृष्टी गेली आहे, त्यामुळे कावळा आला की नाही हे त्या काकांना विचारत राहतात. एकदा खरोखरच कावळ्याने एफ-नऊ उचललं. त्या बटणाचा उपयोग काय, हे काकांनाही सांगता येईना, पण दोन दिवस ते खाली गटारापाशी वाकून शोधत होते.

काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. भांडुपची ही जुनी पाच मजली बिल्डिंग, इथे सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नसतं, म्हणून बारा वर्षं तेच आहेत. कचेरीतून निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. काकांनी मोडीत निघालेला कीबोर्ड रीतसर अर्ज करून मागून घेतला. वजनाला पाट्यासारखा, आणि एकेक बटण दाबलं की खाड. काकू त्याच कचेरीत टायपिस्ट होत्या आणि काकांना टायपिंग त्यांनीच शिकवलेलं.

"आवाज आला म्हणजे काम झालं," हे काकांचं ब्रीद. दार उघडं असलं तरी ते बेल वाजवून आत येतात. मुक्या वस्तूंवर त्यांचा विश्वास नाही.

मी कमिटीत आहे. काकांच्या नोटिसा लहान करवून घेणं हे माझं काम, आणि त्यात मला कधी यश आलेलं नाही. टाकी धुणार असल्याने उद्या पाणी नाही, एवढं सांगायला ह्या माणसाला दोन पानं लागतात. पहिल्या पानावर टाकीचा इतिहास असतो. टाइप करताना दर ओळीला त्यांची चूक होते. खोडायचं कोपऱ्यातलं बटण जरा ढिलं आहे, त्याचा खटॅक असा वेगळाच आवाज येतो. तो आला की आतल्या खोलीतून काकू ओरडतात, "खोडलंत!" आणि काका म्हणतात, "हो गं बाई."

गेल्या जुलैमध्ये काकांचा जुना कॉम्प्युटर गेला. बेंगळुरूला असलेल्या त्यांच्या मुलीने नवा पाठवला. त्याला सगळी चपटी भोकं आणि काकांच्या कीबोर्डची पिन गोल, अंगठ्याएवढी जाड. सोबत एक पातळ कीबोर्ड आला होता. काकांनी तो दोन बोटांनी दाबून पाहिला, कान जवळ नेला आणि परत खोक्यात घातला.

"हा लिहितो की नुसता ऐकून घेतो?" मला म्हणाले.

मग स्टेशनजवळून त्यांनी गोलाचं चपटं करणारी जोडपिन आणली. बसली, पण कीबोर्डचे दिवे लागेनात. दुसरी आणली, तेच. आठ दिवस बोर्डावर एकही नोटीस नव्हती. सोसायटीत कुणाला वाईट वाटलं असं दिसलं नाही. मलाही नाही वाटलं, आणि त्याची आता लाज वाटते.

नववा दिवस रविवारचा. दुपारी मी चांगला तापून जिना चढलो. गच्ची गळत होती, लोकांना कळवायचं होतं, आणि हा माणूस कीबोर्डसाठी अडून बसलेला. तिसऱ्या मजल्यावर खडखडाट ऐकू आला. म्हटलं, लागला वाटतं जोडून! दार उघडंच होतं. काका टेबलाशी ताठ बसून दहाही बोटांनी टाइप करत होते. समोरचा कॉम्प्युटर बंद. कीबोर्डची तार टेबलावरून खाली लोंबत होती आणि ती जाड पिन फरशीला टेकलेली होती.

मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दुसरा हात चालूच.

"आवाज थांबला की ती घाबरते रे," ते हळूच म्हणाले. "दिसत नाही ना. मी घरात आहे की खाली गेलोय, तिला कळत नाही. त्या नवीन कीबोर्डवर मी इथे असून नसल्यासारखाच."

"मग बोला ना त्यांच्याशी, काका."

"चाळीस वर्षं झाली लग्नाला. दिवसभर बोलायला आणू कुठून? आणि त्या लांबलचक नोटिसा काय मी तुमच्यासाठी लिहितो?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. काका चहा टाकायला उठले आणि स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी आपटू लागले. तेवढ्यात आतून काकूंनी हाक मारली.

"संजय ना? चपला घासत चालतोस, ओळखलं मी. इकडे ये." त्यांनी माझा हात धरला. "तार न जोडताच बडवतायत ना ते?"

मला खोटं बोलता येईना.

"आठ दिवसांत एकदाही खोडलं नाही. दर ओळीला चुकणारा माणूस. एकदम इतका सुधारेल कसा?"

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कशाला? बसतात बिचारे माझ्यासाठी. ऐकू येतं, तेवढं पुरे." मग म्हणाल्या, "पण त्यांनी खोडलेलं ऐकल्याशिवाय मला करमत नाही रे."

दुसऱ्या दिवशी अंधेरीला माझ्या ऑफिसखालच्या रिपेअरवाल्याकडे गेलो. कीबोर्ड नेला असता तर घर मुकं झालं असतं, म्हणून पिनेचा फोटो नेला. तो हसला. "साहेब, स्टेशनवरचा माल नुसती पिन बदलतो. जुना कीबोर्ड काय बोलतो ते नव्या मशीनला समजायला नको? मध्ये चिपवाला डबा पाहिजे." त्याने काडेपेटीएवढी डबी दिली.

संध्याकाळी ती लावली. कीबोर्डचे तीन हिरवे दिवे लागले. काकांनी शर्टाला हात पुसले आणि सुरुवात केली. सर्व सभासदांस कळविण्यात येते की... दुसऱ्याच शब्दाला बोट कोपऱ्याकडे गेलं.

खटॅक.

आतून काकू ओरडल्या, "खोडलंत!" आणि मोठ्याने हसल्या.

"हो गं बाई," काका म्हणाले. चष्मा काढून माझ्याकडे वळले. "बघ, तिला फरकसुद्धा कळला नाही."

मी मान डोलावली. गच्चीच्या गळतीची ती नोटीस साडेतीन पानांची झाली. मी तिच्यातली एक ओळही कापली नाही, आणि बोर्डावर लावून तिथेच उभ्याने सगळी वाचली.