स्वागताच्या घागरी

"पाच घागरी, पाच नारळ आणि आंब्याचे डहाळे," दानम्माबाईंनी केरबा शिपायाला तिसऱ्यांदा बजावलं. "फाटकापासून एका ओळीत मांडा. साहेबाला वाटलं पाहिजे की ही शाळा हाय, गोदाम न्हाई."

आता खरं सांगायचं तर ते गोदामच होतं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि गाव चहूकडं पसरत सुटलं होतं. कालपर्यंत जिथं तूर डोलायची तिथं प्लॉट पडले, प्लॉटावर पत्र्याची घरं उठली आणि त्या घरांच्या मध्यभागी एका डाळवाल्याचं रिकामं गोदाम भाड्यानं घेऊन पंचाक्षरी सरांनी माध्यमिक शाळा काढली. सातवीपर्यंत कशीबशी चालली. यंदा आठवीला मंजुरी मिळायची होती, पण अट अशी की शनिवारी तपासणीला येणाऱ्या शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर चाळीस पालकांच्या सह्या असलेले अर्ज हजर पाहिजेत. सरांजवळ होते बारा.

आठवी मिळाली नाही तर सरांचं नुसतं नाक कापलं जाणार होतं. दानम्माबाईंचं मात्र सगळंच जाणार होतं. त्यांची नेमणूकच आठवीसाठी होती. उदगीरला घरच्यांनी स्थळ हेरून ठेवलं होतं आणि वडील दर पत्रात लिहायचे, "शाळा चालली नाही तर हट्ट करू नको, सरळ निघून ये." बाईंना निघून जायचं नव्हतं. त्यांना शिकवायचं होतं. म्हणून त्या शनिवारी सकाळी सातपासून नुसत्या भिंगरीसारख्या फिरत होत्या.

सरांनी आपल्या परीनं कमी केलं नव्हतं. त्यांनी शाळेची ओळख करून देणारं पत्रक छापून घरोघरी वाटलं होतं. 'आमची मूल्ये: सत्य, श्रम, स्वच्छता. आमचे उपक्रम: कवायत, लेझीम, बागकाम. मागे पडणाऱ्यांसाठी जादा तास, गरजूंसाठी पुस्तकपेढी.' आठ दिवसांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यांना त्याच पत्रकात बांधलेली भजी मिळाली. बागकामावर तेल उतरलं होतं. सरांनी ती भजी खाल्ली खरी, पण दुःखानं खाल्ली.

तर केरबानं फाटकापाशी पाच घागरी ओळीत मांडल्या. रिकाम्याच, कारण त्या दुष्काळी वर्षी स्वागताला पाणी घालण्याइतका वेडा माणूस अख्ख्या लातुरात नव्हता. घागरी मांडून तो डहाळे आणायला गेला आणि बाई आत फळा लिहायला गेल्या. ओळीपाशी उरलं नाही कुणी.

तेवढ्यात रस्त्यानं धुरपताबाई आली. डाळ मिलमध्ये निवडायला जाणारी, दोन घागरी कायम बरोबर ठेवणारी बाई. तिनं ओळ पाहिली. त्या उन्हाळ्यात घागरींची ओळ दिसली की कुणी कुणाला काही विचारत नसे. विचारेपर्यंत चार नंबर मागं जायचे. धुरपताबाईनं आपल्या दोन घागरी सहावी-सातवी म्हणून लावल्या आणि गल्लीकडं तोंड करून आरोळी ठोकली, "पार्वती! ये पार्वती! शाळंवर टँकर येऊन राहिला, पळ!"

केरबा डहाळे घेऊन परतला तेव्हा ओळ पार विजेच्या खांबापर्यंत गेली होती. घागरी, डबे, कॅन, एक बाळाचं टोपडं आणि एक जातं. जातं कुणी उचलून आणलं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"आवं बाई, ह्या घागरी साहेबासाठी हायत!" केरबा ओरडला.

"बघा! म्या म्हणलं न्हाई का?" धुरपताबाई सगळ्यांकडं वळली. "साहेब येऊन राहिला. साहेब येणार म्हंजी पाणी येणारच की!"

ह्यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. केरबालाही ते एकदम पटलं. तो घरी पळाला आणि स्वतःची घागर घेऊन आला.

दहा वाजता पंचाक्षरी सर सायकलवरून आले आणि एवढी गर्दी पाहून सायकलवरच उभे राहिले. "दानम्माबाई!" त्यांचा आवाज फाटला. "बघा, बघा माझ्या पत्रकाची करामत! भजीवाल्यानं बांधून दिलं तरी लोकांनी वाचलंच की नाही?"

दानम्माबाई बाहेर आल्या आणि भांडणातच सापडल्या. पहिल्या पाच घागरींचा धनी जागेवर नाही, तेव्हा त्या काढून टाका, असा ठराव झाला होता.

"अहो, त्या माझ्या हायत! स्वागताच्या!"

"मास्तरीणबाई, पाच घागरी एकटीच्या?" पार्वतीबाईनं कमरेला हात लावले. "आमाला घरी दोन न् तुमाला पाच? शिकल्या-सवरल्याल्यांनी तरी लाज धरावी. जा, मागं नंबर लावा."

बाईंच्या तेव्हा सगळं ध्यानात आलं. त्यांनी सरांना बाजूला ओढलं. "सर, ही मंडळी प्रवेशाला न्हाई आली. पाण्याला आली."

सरांचा चेहरा असा काही उतरला की बाईंनाच वाईट वाटलं. पण पुढच्याच क्षणी त्यांना वेगळंच सुचलं. "सर, आत्ता सांगू नका. आधी अर्जावर सह्या घेऊ, मग सांगू. अठ्ठावीस तर पाहिजेत. हे दीडशे हायत!"

सरांच्या मनात आलं नाही असं नाही. चांगलं मिनिटभर आलं. तेवढ्यात जीप आली.

जीपमधून हणमंतराव साहेब उतरले. महिन्याभरापूर्वी बिलोलीहून बदलून आलेले, कडक, नियमाबाहेर साधं न शिंकणारे. त्यांनी शाळेकडं पाहिलं नाही, फळ्याकडं पाहिलं नाही. ओळीकडं पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"इथं पाणी येतं?" त्यांनी हळूच केरबाला विचारलं.

"तुमच्यासाठीच येऊन राहिलं म्हणत्यात साहेब."

साहेबांनी ड्रायव्हरला जवळ बोलावलं. "सिद्रामप्पा, खोलीवरून दोन घागरी घेऊन ये. जीप घेऊन जा. पटकन!" आणि सिद्रामप्पा येईपर्यंत नंबर जाऊ नये म्हणून साहेबांनी आपली चामड्याची बॅग स्वतः ओळीत नेऊन ठेवली. जात्याच्या मागं.

आता मात्र सरांना राहवेना. खुद्द तपासणीला आलेला माणूस आपल्या दारात फसतोय, हे त्यांना सहन होईना. ते खुर्चीवर चढले.

"मंडळी! इथं पाणी येणार नाही. टँकर आम्ही बोलावलेला नाही. ह्या घागरी साहेबांच्या स्वागताच्या होत्या. तुम्हाला त्रास झाला, माफी मागतो."

आणि मग जो गलका उसळला त्याला काही हिशोबच नाही. "तीन घंटे हुबं केलं की वो!" "माझी रोजी बुडली!" "मग हे जातं कामून आणलं?" साहेबांनी हळूच बॅग उचलून छातीशी धरली आणि आपण ओळीत नव्हतोच असा चेहरा केला.

धुरपताबाई सगळ्यांना सारून पुढं आली. "गुर्जी, पाणी न्हाई तर न्हाई. पर मी सकाळधरनं पहिली हाय. हितं काय देऊन राहिलाव ते तरी सांगा. रिकाम्या हातानं मी जात नसते."

"प्रवेश," सर घाबरत म्हणाले. "आठवीचा. आमची शाळा सत्य, श्रम, स्वच्छता... लेझीम आहे, बागकाम आहे..."

"बागकाम!" लोक असे हसले की शेजारच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. धुरपताबाई मात्र हसली नाही.

"माझी रत्ना सातवीत वर्गात पहिली आली. पर टँकर आला की शाळा बुडती, बुडली की तिच्या शाळंतला मास्तर छडी मारतो. शेवटी पोरगी म्हणली, आई, मी पाणीच भरते. लेझीम नगं गुर्जी. तुमच्या शाळंत याला काय इलाज हाय, ते सांगा."

सरांनी पत्रक उलटं करून पाहिलं. पत्रकात इलाज नव्हता. आणि मग दानम्माबाई खुर्चीवर चढल्या. सर अजून खुर्चीवरच होते, पण चढल्या.

"हाय इलाज!" त्या म्हणाल्या. "टँकर आला की केरबा घंटा वाजवणार. पोरींनी पाणी भरून यायचं. छडी न्हाई, गैरहजेरी न्हाई. जेवढं बुडालं तेवढं मी संध्याकाळी बसून शिकवणार. रोज. हा माझा शब्द हाय!"

"हे कोणत्या नियमात बसतं?" साहेबांनी मागून विचारलं. पण त्यांचा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "घंटंची शाळा! घंटंची शाळा!" असा एकच कल्ला झाला आणि ओळ जशी होती तशी, नंबर न मोडता, बाईंच्या टेबलाकडं वळली. नंबरावरून इथंही भांडणं झालीच. ज्यांच्या घरी आठवीचं कुणी नव्हतं त्यासुद्धा नंबर सोडायला तयार नव्हत्या, त्यांना हात जोडून बाजूला करावं लागलं. सह्या झाल्या, अंगठे झाले. वीस, पंचवीस, तीस. सरांना घाम फुटला, केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. पस्तीस. अडतीस. एकोणचाळीस! पार्वतीबाईनं अंगठ्याला शाई लावली आणि हात कागदाकडं नेला.

आणि चौकात टँकरचा भोंगा वाजला.

केरबाचा दोष नव्हता. बाईंचा शब्द आत्ताच दिलेला, ताजा होता. त्यानं धावत जाऊन घंटा वाजवली. डोळ्याचं पातं लवतंय न लवतंय तोच मैदान रिकामं झालं. पार्वतीबाई शाईचा अंगठा तसाच वर धरून पळाली. नुकताच घागरी घेऊन पोचलेला सिद्रामप्पाही पळाला, आणि सरांची सायकल घेऊन पळाला.

टेबलापाशी तिघंच राहिले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना एक वाजता औशाला पोचायचं होतं आणि यादी बरोबर न्यायची होती. त्यांनी अर्ज मोजले. पुन्हा मोजले.

"एकोणचाळीस," ते म्हणाले.

दानम्माबाईंनी विनवणी केली नाही. त्यांनी शाईची बाटली बंद केली, टाकाची निब पुसली. सरांना त्यांच्याकडं बघवेना.

"बाई," साहेबांनी घसा साफ केला. "ते संध्याकाळी शिकवायचं म्हणालात ते खरं, की टाळ्यांसाठी?"

"खरं, साहेब. आठवी मिळाली न्हाई तरी त्या धुरपताबाईच्या पोरीला मी घरी शिकवून जाणार हाय."

साहेबांनी एक कोरा अर्ज ओढला. "आमची शरयू आठवीला आहे. गावातल्या मोठ्या शाळेत नाव घातलं, पण तिची आई दम्यानं बेजार. महिना झाला, पोरगी घागर घेऊनच फिरते. मी दुसऱ्यांच्या शाळा तपासतो आणि माझी पोर पाण्याच्या ओळीत." त्यांनी अर्ज भरला, पालक म्हणून सही केली. मग चष्मा लावून तोच अर्ज अधिकारी म्हणून तपासला, सही नीट वाचता येत नाही म्हणून स्वतःलाच पुन्हा करायला लावली, आणि यादीखाली लिहिलं, 'चाळीस. मंजुरीस योग्य.'

दानम्माबाई एकदम खाली बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. सरांना काय करावं सुचेना, त्यांनी साहेबांच्या हातात नारळ दिला. साहेबांनी यादी बॅगेत ठेवली, फाटकापर्यंत गेले आणि इकडंतिकडं बघत माघारी वळले.

"सर, ती घंटा जरा मोठी घ्या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आमची खोली तीन गल्ल्या पलीकडं आहे."