बिराजदारकाका काठी निवडतात

बिराजदारकाका तीन वर्षं मासे पकडायची काठी विकत घेत होते. शोधत होते म्हणणं जास्त बरोबर, पण विचारलं की ते म्हणायचे, "घेतोय की ओ. चाललंय."

आता काका जन्माचे शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे हे नुसत्या वासावरून सांगणारे. मूळचे अक्कलकोटकडचे, म्हणजे लहानपणी पाणी पाहिलं ते टँकरमध्ये. दुबईजवळच्या अजमानला समुद्रापासून दहा मिनिटांवर राहून त्यांना पंचवीस वर्षं झाली, पण वाळूने चपला खराब होतात म्हणून तिकडे फिरकत नाहीत. आणि त्यांना जो मासा पकडायचा होता, तो या अख्ख्या देशात नाही. बास त्याचं नाव. गोड्या पाण्यातला मासा, राहणार कॅनडाच्या तळ्यात.

हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात काका स्टोअर सांभाळतात आणि मी रंग तपासतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. जालन्याला बी.एस्सी. केलं, तेही पहिल्या वर्गात, आणि हे मी कुठेही सांगतो. एका गोष्टीची मला चीड आहे: उत्तर समोर असताना निर्णय न घेणारी माणसं. आणि रोज सकाळी माझ्या गाडीत शेजारच्या सीटवर बिराजदारकाका.

"यात दोन मतं आहेत," हे त्यांचं आवडतं वाक्य. चहात आलं घालावं का, यात दोन मतं. एसी चोवीसवर ठेवावा की बावीसवर, यातही दोन. एकदा मी वैतागून विचारलं, "काका, शाकाहारी माणसाने गळ टाकावा का?"

"तो मासा खायचा नसतो ओ. पकडायचा, बघायचा, परत सोडायचा."

"म्हणजे हिंसा नाही?"

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. "यात दोन मतं आहेत."

काठी नव्हती तरी सराव जोरात होता. आमच्याच कारखान्यातली रोलरची लांब दांडी, तिला सुतळी, सुतळीला एक जड नट. संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पंधरा पावलांवर रंगाची रिकामी बादली ठेवायची आणि नट बादलीत पाडायचा. पेशावरचा वॉचमन खुर्ची टाकून बघत बसे.

"बिराजदार भाई, मछली मिली?"

"इन्शाल्ला," काका म्हणत आणि सुतळी गुंडाळत.

शनिवारी दुकान. मासेमारीच्या सामानाच्या त्या दुकानातला मल्याळी सेल्समन पहिल्यांदा फार अदबीने म्हणाला होता, "सार, शेरी पकडना है या हमूर?" काकांनी बासचं नाव काढल्यावर त्याने हात जोडले. "सार, इधर बास नहीं है." पण काका हटले नाहीत. दुकानातली प्रत्येक काठी ते छताला टेकवून वाकवून बघत. नुसता शेंडा वाकतो की कंबरेतून वाकते, हे पाहायचं. मग रील: हँडल उजवीकडे की डावीकडे. मग खोटी आमिषं. रबरी बेडूक, रबरी गांडूळ. एका गांडुळाला लसणाचा वास होता. काकांनी तो परत परत हुंगला आणि समाधानाने म्हणाले, "लसूण आवडतो म्हणजे मासा आपल्याकडचाच. शेंगाचटणीवर सुद्धा येईल." दोन तासांनी मल्याळी विचारे, "सार, आज लेना है, या खलास?" काका सांगत, "देखता हूँ." आणि रिकाम्या हाताने बाहेर.

या सगळ्याच्या मुळाशी त्यांची अश्विनी. ती अजमानमध्येच वाढली, बारावीनंतर शिकायला कॅनडात गेली, तिथेच राहिली. काकू गेल्यापासून काका फ्लॅटमध्ये एकटे. अश्विनीचा फोन सोमवारी सकाळी सहा पन्नासला, तिच्याकडे तेव्हा रविवारची रात्र. म्हणजे फोन माझ्या गाडीत यायचा, आणि काकांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर. सुरुवातीला ते बोलणं मला तोंडपाठ झालं होतं.

"जेवलीस का?"

"येस पप्पा. तुम्ही?"

"हो. थंडी?"

"आहे. तिकडे?"

"गरम."

मग ती म्हणायची, "ओके पप्पा, टेक केअर." आमच्या गल्लीबाहेरच्या पहिल्या सिग्नलला पोहोचायच्या आत फोन संपलेला असे. त्यानंतर कारखान्याच्या गेटपर्यंत काका फोन हातात तसाच धरून बसत.

एका सोमवारी तिने सांगितलं की ती मैत्रिणींबरोबर तळ्यावर गेली होती आणि तिने बास पकडला. "नेक्स्ट समर तुम्ही या पप्पा, आपण जाऊ." काकांनी विचारलं, काठी कुठली होती? ती म्हणाली, "इट डिपेंड्स." आणि सुरू झाली. त्या दिवशी फोन पेट्रोलपंपापर्यंत चालला. पुढच्या आठवड्यात मशिदीच्या राउंडअबाउटपर्यंत. महिन्याभरात गेटपर्यंत. पाणी गढूळ असेल तर आमिष कुठल्या रंगाचं, गवत असेल तर काठी किती कडक, काका वहीत लिहून आणलेले प्रश्न विचारत आणि ती हसून ओरडे, "पप्पा, लास्ट वीक तर सांगितलं!" तीन उन्हाळे आले आणि गेले. कधी तिला सुट्टी नाही, कधी काकांचा व्हिसा अडला.

मला यातलं काय दिसलं? एक माणूस जो निर्णय घेत नाही.

काकांना कंपनीत पंचवीस वर्षं झाली तेव्हा भेट काय द्यायची, असा विषय निघाला. मी म्हटलं, माझ्यावर सोडा. मी एक्सेल शीट केलं. अकरा काठ्या, प्रत्येकीला गुण. मल्याळ्याला गाठलं, त्याने बाहेरून मागवून दिली. सात फुटी काठी, रील, रीलवर गुंडाळलेला दोरा, सहा आमिषांचा डबा. सगळं ठरलेलं, सगळं पूर्ण. साडेसहाशे दिरहम, म्हणजे पंधरा हजारांच्या वर. कँटीनमध्ये मी भाषणही केलं. "काकांची तीन वर्षांची अडचण आज खलास." टाळ्या पडल्या.

काकांनी काठी हातात घेतली. वाकवून बघितली नाही. "छान आहे," म्हणाले. दोन मतं काही निघाली नाहीत, आणि मला ते कौतुकच वाटलं.

सोमवारी सहा पन्नासला फोन आला.

"अश्विनी, काठी मिळाली. ऑफिसने दिली."

"ओह वॉव. फायनली. कुठली?"

काकांनी लेबल वाचून दाखवलं. लांबी, वजन, सगळं.

"परफेक्ट पप्पा. दॅट्स परफेक्ट."

"हो." काकांनी मांडीवरची वही उघडली, पान उलटलं, बंद केली. "जेवलीस का?"

"येस. तुम्ही?"

"हो."

"ओके पप्पा. टेक केअर."

सिग्नल लाल होता. तो हिरवा होईपर्यंत मी समोर बघत राहिलो. पुढच्या सोमवारी गाडी गल्लीतून वळायच्या आतच फोन संपला. पार्किंगमधली बादली कुणीतरी उचलून नेली होती. ती शोधायला काका खाली आले नाहीत, असं वॉचमन म्हणाला.

पहिल्या वर्गात पास झालेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट समजायला दोन सोमवार लागले.

तिसऱ्या सोमवारी "थंडी?" झालं आणि मी मध्येच बोललो. "ताई, मी इंगळे. गाडी चालवतोय तो. ती काठी मीच निवडली. एक शंका होती. दोरा मी विणलेला घेतला, हिरवा. पण तुमच्या तळ्याचं पाणी स्वच्छ आहे ना? माशाला तो दिसणार नाही का?"

पलीकडून आवाज चढला, "वेट. विणलेला, ब्रेडेड घातलाय? क्लिअर वॉटरमध्ये? पप्पा, तुम्ही ऐकून घेतलंत?"

काका सीटवर सरळ बसले. वही उघडली. खिशातून पेन काढलं.

"यात दोन मतं आहेत," ते म्हणाले.

सिग्नल गेला, पेट्रोलपंप गेला, राउंडअबाउट गेला. तळाशी दगड असेल तर काय, पहाटे वेगळा आणि दुपारी वेगळा दोरा लागतो का, पुढे थोडा पारदर्शक दोरा बांधला तर गाठ कुठली. गेट आलं तरी संपेना. मी गाडी सावलीत लावली, इंजिन आणि एसी चालू ठेवला आणि बाहेर उभा राहिलो. हजेरीचं पंच उशिरा झालं, एचआरला काय सांगायचं ते मी बघणार होतो.

वीस मिनिटांनी काका उतरले. माझ्याकडे न बघता त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"इंगळे, तो दोरा चुकीचा आहे, हे मला कँटीनमध्येच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढं मनापासून आणलं होतं." चार पावलं पुढे जाऊन ते थांबले. "आणि रीलसुद्धा चुकलंय. पण ते आज काढलं नाही. पुढच्या सोमवारला ठेवलंय."