पोफळी सरांचा घरचा बोर्ड

माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीच्या वह्यांत निबंध कमी आणि मोठ्या आईचे अंगठे जास्त आहेत. मोठी आई म्हणजे माझी चुलती. थोरले काका गेल्यावर ती आमच्याकडेच राहिली आणि घराची सगळी सूत्रं तिच्याच हाती गेली. तिला इंग्रजी तर सोडाच, मराठीही वाचता येत नव्हतं. तरीही मी लिहिलेला एकही इंग्रजी निबंध तिने पास केल्याशिवाय मास्तरांच्या टेबलावर जात नसे. हा नियम सरकारचा नव्हता आणि शाळेचाही नव्हता. तो पोफळी सरांचा होता, आणि पोफळी सरांपुढे आमच्या हेडमास्तरांनी केव्हाच हात टेकले होते.

नियम असा. निबंध इंग्रजीत लिहायचा. मग घरातल्या ज्या माणसाला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही, त्याला तो आपल्या बोलीत सांगायचा. तो जे प्रश्न विचारेल त्यांची उत्तरं निबंधात घालायची. त्याचं समाधान झालं की खाली त्याचा अंगठा. मग सर वही हातात घेणार.

"मला काय विचारता?" सर म्हणत. "मी पगारी माणूस. मला तुमचं ऐकावंच लागतं. घरचा बोर्ड काय म्हणतो ते सांगा."

सही चालत नसे, कारण वडलांची सही करण्यात आमचा वर्ग तरबेज होता. अंगठ्याचीही काहींनी सोय लावली. वसंता नावाच्या माझ्या मित्राने आजोबांच्या नावावर स्वतःचा अंगठा ठोकला, तर सरांनी भर वर्गात शाईचं पॅड काढून त्याचा अंगठा ताडून पाहिला. पुढच्या वेळी वसंताने पायाचा अंगठा लावला. सर वहीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "तुझे आजोबा फार कष्टाळू दिसतात." मग त्याला बाकावर उभं केलं.

सर मूळचे नागपूरकडचे. उंच, किडकिडीत, कोटाच्या खिशात खडूचे तुकडे आणि बाराही महिने हातात छत्री. लोधीपुऱ्यात एक खोली घेऊन एकटेच राहत, खाणावळीत जेवत. माणूस चिडका नव्हता, पण समोरच्याला चिडवण्याची त्यांच्यात विलक्षण हातोटी होती. माझे वडील केळीचे अडते. दिवसभर शेतकऱ्यांशी आणि हमालांशी घासाघीस करूनही त्यांचा आवाज चढत नसे. पोफळी सरांचं नाव निघालं की मात्र चढे.

त्याला कारणही होतं. गावातल्या दुसऱ्या शाळेत मुलांकडून तयार निबंध घोकून घेत. पावसाळ्यातला दिवस, रेल्वेचा प्रवास, आवडता खेळ, सगळं पाठ. ती पोरं दरवर्षी धडाधड पास होत. वडलांनी मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "मॅट्रिक झालास तर पुढं शिक. फेल झालास तर दुसऱ्या दिवशी सकाळी अडतीवर ये. वजनकाट्यापाशी माणूस पाहिजेच आहे." मला कॉलेजात जायचं होतं. केळीच्या घडांमध्ये जन्म काढायचा नव्हता. आणि माझं सगळं इंग्रजी येऊन अडलं होतं ते मोठ्या आईच्या अंगठ्यापाशी.

पहिला निबंध मी गाईडातून उतरवला. शरद ऋतूतली सकाळ. पिवळी पानं गळत आहेत, धुराड्यांतून धूर निघतोय, म्हातारे शेकोटीपाशी पाईप ओढताहेत. झकास इंग्रजी होतं. मोठी आई डाळ निवडत होती, तिला सांगायला बसलो.

"हे कुठलं गाव रे?" तिने विचारलं.

"आपलंच."

"आपल्याकडं शरदात पानं पिवळी पडतात? आन् धुराडी कोणाच्या घराले हायेत? आपलं सोडून दुसऱ्याच्या गावचं काऊन सांगू राह्यला मले?"

अंगठा मिळाला नाही. सरांना सांगितलं तर सर आनंदाने टेबलावर हात आपटून म्हणाले, "बोर्डाने नापास केलं! उत्तम!" असा मास्तर कोणाच्या वाट्याला येऊ नये.

मग तापीला पूर आला. निबंधाचा विषयही तोच. मी लिहिलं, नदी समुद्रासारखी दिसत होती.

"तू समुद्र पाह्यला?" मोठी आई म्हणाली.

"नाही."

"मीबी नाही पाह्यला. मग आपल्या दोघांले काय समजलं?"

मी पाय आपटत राजघाटावर गेलो. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. बायका खणानारळाने तापीची ओटी भरत होत्या आणि एक म्हातारा त्यांना मागे सरका, मागे सरका म्हणून ओरडत होता. पाण्यातून ओंडके येत होते, गवताच्या पेंढ्या येत होत्या, आणि एक बाज वाहत आली. तिच्यावर एक कोंबडी होती, अगदी स्वस्थ बसलेली. हे पाहून मी घरी पळालो. आता अंगठा मिळालाच असं मला वाटलं.

मोठ्या आईने हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं. मग विचारलं, "कोंबडी उतरली का कुठं?"

मी कपाळावर हात मारला. सबंध तापी खवळलेली आणि हिला कोंबडीची काळजी. दुसऱ्या दिवशी पुन्हा घाटावर जाऊन चार जणांना विचारलं. लोक मला हसले. शेवटी कंटाळून मी लिहिलं की ती कोंबडी खालच्या गावी सुखरूप काठाला लागली. मोठी आई माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "खोटं बोलू राह्यला." ती कोर्टात असती तर वकिलांची पोटं उपाशी राहिली असती. मी वैतागून ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, त्या कोंबडीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तिने मान हलवली आणि अडतीतल्या पॅडवर अंगठा टेकवला. सरांनी त्या एकाच वाक्याखाली तांबडी रेघ मारली आणि वर्गाला वाचून दाखवलं. म्हणाले, "हे वाक्य कुठल्याही गाईडात सापडणार नाही."

मला त्याचा काडीइतका आनंद झाला नाही. परीक्षेत कोंबडी येणार नव्हती.

पण एक गोष्ट हळूहळू व्हायला लागली, ती माझ्या मनाविरुद्ध. लिहिताना मोठ्या आईचे प्रश्न आधीच ऐकू यायला लागले. बाजार लिहिला की वाटे, ती विचारेल, कोण ओरडत होतं आणि काय म्हणून? मग मी कान देऊन ऐकून यायचो. स्टेशनवर मालगाडीच्या डब्यांत केळी कशी भरतात ते लिहिण्यासाठी मी एक अख्खा रविवार धक्क्यावर काढला आणि हमालांच्या शिव्या सोडून बाकी सगळं लिहिलं. मोठ्या आईने शिव्याही विचारल्या. त्या मी सांगितल्या नाहीत, पण तिला बहुतेक माहीत होत्या.

याहून मोठा छळ म्हणजे सरांची तपासणी. अंगठा खरा आहे की नाही हे पाहायला सर रविवारी दुपारी मुलांच्या घरी जात. इतरांकडे उभ्या उभ्या जात, आमच्याकडे मात्र बसत. "काकू, याने काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा," असं म्हणायचे आणि ओसरीवर मांडी ठोकायचे. मोठी आई रंगात येऊन माझाच निबंध त्यांना सांगायची, त्यात स्वतःच्या पदरचे चार आणे घालायची. सर हसायचे, पुन्हा विचारायचे. शेव यायची, चहा यायचा, दुसरा चहा यायचा. उन्हं उतरली तरी सर उठत नसत. आम्हाला वाटे, खाणावळीतल्या जेवणाला कंटाळलेला माणूस शेवेसाठी येतो. वडलांना रविवारची झोप प्यारी. ते आतल्या खोलीतून खोकायचे. सर म्हणायचे, "अडत्यांना खोकला झालाय वाटतं. काढा द्या."

एकदा वडील उठून बाहेर आलेच. "मास्तरसाहेब, साफ सांगा. पोरगं पास होईल का?"

"ते सरकारी बोर्ड पाहील," सर म्हणाले. "पण आता तो लिहायला लागलाय."

"लिहून काय करू? पास होणं पाहिजे मले!"

सरांनी शेवेचा घास घेतला आणि मोठ्या आईला विचारलं, "हं, मग तो हमाल काय म्हणाला?"

त्याच वर्षी राज्यांची नवी रचना झाली. आमचं गाव जागच्या जागी राहिलं आणि आमची राजधानी मात्र नागपूरहून उठून भोपाळला गेली. नागपूर दुसऱ्या राज्यात गेल्यामुळे नागपूरकडच्या मास्तरांना परत तिकडे बदल्या मिळू लागल्या. सरांनाही मिळणार हे उघड होतं. वडलांना त्याचा मनापासून आनंद झाला, फक्त ती बदली वर्षभर आधी का झाली नाही एवढंच त्यांना दुःख होतं.

मार्चात परीक्षा आली. इंग्रजीचा पेपर हातात पडला आणि मी निबंधाचा विषय वाचला. समुद्रकिनाऱ्यावरचा एक दिवस. पर्याय होता तो शिस्तीचं महत्त्व. दुसऱ्या शाळेची पोरं मान खाली घालून सुटलीच, त्यांचा समुद्र पाठ होता. मी घामाघूम होऊन बसलो. सोनेरी वाळू, निळ्या लाटा, सगळं मलाही माहीत होतं, पण पेन चालेना. शेवटी लिहिलं ते असं. मी समुद्र पाहिलेला नाही. आमची तापी तिकडे जाते, पण परत येऊन कधी काही सांगत नाही. मी तिथून आलो असतो तर माझ्या घरी मला विचारलं असतं, पाणी संपतं ती जागा दिसली का? खारं पाणी गुरं कशी पितात? तिथल्या बायका धुणं कुठे धुतात? मला यातलं एकही उत्तर येत नाही, म्हणून मला एकदा तिथे जायचं आहे.

बाहेर आलो तर कडुनिंबाखाली सर छत्री घेऊन उभे. मी काय लिहिलं ते सांगितलं. शाबासकी मिळेल अशी माझी खात्री होती.

सरांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली. "आणि समुद्र?"

"समुद्र नाही लिहिला, सर."

"अजिबात?"

"पाहिलेलाच नाही ना!"

"अरे गाढवा," सर ओरडले, "दोन लाटा तरी घालायच्या होत्या!"

वर्षभर ज्याने मला एक पान पिवळं करू दिलं नाही, तो माणूस आता लाटा मागत होता. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नाही. सर मात्र पांढरेफटक पडले होते. छत्री तशीच उघडी धरून ते निघून गेले.

उन्हाळा लागला. सरांच्या बदलीचा हुकूम आला, शाळेने निरोपही दिला, पण सर काही हलले नाहीत. नागपूरकडचे बाकीचे मास्तर गेले. सर भर उन्हात लोधीपुऱ्यातल्या त्या पत्र्याच्या खोलीत राहिले आणि आमच्याकडे यायचे बंद झाले. रस्त्यात भेटले तर छत्री आडवी धरून जात. वडील म्हणाले, "पोराचं वाटोळं केलं, आता तोंड लपवतो." मीही वजनकाट्याकडे पाहायची सवय करू लागलो.

निकाल वर्तमानपत्रात यायचा आणि वर्तमानपत्र रेल्वेने. त्या दिवशी आम्ही स्टेशनला जायच्या तयारीत असतानाच दारात टांगा थांबला. सर उतरले. पेपर त्यांच्या हातात चुरगळला होता आणि कोट घामाने भिजला होता. ते पहाटेपासून स्टेशनवर बसून होते.

"काकू," ते ओसरीवर चढता चढताच म्हणाले, "पास झाला!"

तिसऱ्या वर्गात. जेमतेम. पण पास. वडलांनी पेपर हिसकावून घेतला, नंबर पाहिला आणि सरांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिले. मला रडू आलं. सर भिंतीला टेकून खाली बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पोरं पास होतात की नाही हे कळल्याशिवाय त्यांच्याने गाव सोडवत नव्हतं. आता संध्याकाळच्या गाडीने ते निघणार होते. टांग्यात त्यांची एक ट्रंक आणि वळकटी होती.

"बरं झालं," मोठी आई पाणी देत म्हणाली. "घरचे वाट पाहू राह्यले असतील तुमची."

"घरी कोणी नाही, काकू."

मोठी आई खाली बसली. सर पाणी प्यायले आणि मग आपणहून बोलू लागले. लग्नानंतर काही वर्षं ते नागपुरात होते. संध्याकाळी मुलांच्या वह्या तपासायला बसले की बायको शेजारी येऊन बसे. तिला इंग्रजी येत नव्हतं. सर तिला मराठीत सांगत आणि ती विचारत राही, मग त्या मुलाचं काय झालं, त्याची आई काय म्हणाली? ती जे विचारे त्यावरून सरांना कळे, कोणत्या मुलाने मनापासून लिहिलंय. ती बाळंतपणात गेली. मूलही राहिलं नाही. त्यानंतर सरांनी बदली मागून घेतली ती आमच्या गावची.

"वह्या समोर घेतल्या की काही सुचेना, काकू. चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं, एकट्याला समजेचना. म्हणून पोरांना म्हटलं, तुम्हीच घरी कोणालातरी सांगा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "या पोराच्या लाटांपायी मी दोन महिने झोपलो नाही. माझ्या दुःखापायी त्याचं वर्ष बुडालं असतं."

वडील मान खाली घालून उभे होते. रविवारच्या त्या दुपारी, तो दुसरा चहा, आतून येणारा खोकला, सगळं आठवून मला सरांची फार दया आली आणि फार माया वाटली.

मोठ्या आईने डोळ्यांना पदर लावला नाही. तिने विचारलं, "नाव काय व्हतं तिचं?"

"यमुना," सर म्हणाले.

एवढ्या वर्षांत गावात हे कोणी विचारलं नव्हतं. सर सांगू लागले. ती कशी हसे, तिला कढी कशी आवडे, नागपूरच्या उन्हाळ्यात ती अंगणात खाट टाकून काय काय बोलत असे. बाहेर टांगेवाला हाका मारत होता. मोठ्या आईने वडलांकडे नुसतं पाहिलं. वडील बाहेर गेले आणि ज्या माणसाला गावातून घालवायला ते वर्षभर टपले होते, त्याची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन आत आले.

"गाडी उद्याबी हाये," मोठी आई सरांना म्हणाली. "आज इथंच जेवा."

पोफळी सर कशालाही आडवं काहीतरी बोलल्याशिवाय राहत नसत. त्या दिवशी मात्र कोट काढून त्यांनी खुंटीला अडकवला आणि हातपाय धुवायला मागच्या अंगणात गेले.