मल्लप्पा हवालदारांचा सवाल

मल्लप्पा हवालदारांसमोर छत्री घेऊन उभं राहायची सोय नव्हती. छत्रीचं टोक चुकून त्यांच्याकडं वळलं की हुकूम सुटायचा, "नळी खाली!" आणि तो आवाज असा, की नळी तर जायचीच, बरोबर हातातली छत्रीही खाली पडायची.

बरं, छत्रीचंच असं नाही. भाजीवालीनं शेवग्याची शेंग पुढं केली, "नळी खाली!" पोस्टमननं सहीसाठी पेन पुढं केलं, "नळी खाली!" एकदा माझ्या आईनं त्यांना जेवायला बोलावलं आणि आमटी वाढायला पळी उचलली. पुढचं सांगायला नको. आईनं मुकाट्यानं आमटी वाटीनं वाढली, तेव्हा म्हणाले, "शाब्बास. आता जेवतो."

रंगपंचमीला गल्लीतली पोरं त्यांना भिजवायला गेली. अर्ध्या तासानं मी बघतो तर सगळी पोरं भिंतीला पाठ लावून एका ओळीत उभी, पिचकाऱ्यांची तोंडं जमिनीकडं, आणि हवालदार ठणठणीत कोरडे.

याचं कारण होतं. तीस वर्षं त्यांनी पोलिसांच्या शस्त्रागारात काढली होती. बंदुका पुसायच्या, तेल द्यायचं, सकाळी शिपायांच्या हातात द्यायच्या आणि संध्याकाळी परत घ्यायच्या, एवढंच काम. स्वतः त्यांनी माणसावर कधी गोळी झाडली नाही. पण जगातल्या प्रत्येक बंदुकीवर त्यांचा संशय होता. "रिकामी हाय म्हणतेत बघा, ती बंदूक लई वाईट," असं ते सांगायचे. "भरलेल्या बंदुकीला माणूस भितो तरी."

मी तेव्हा सोलापुरात एका हायस्कुलात शिक्षक होतो. आमची गल्ली गिरणीच्या मागं. एका बाजूला हातमागांची खटखट, दुसऱ्या बाजूला गिरणीचा भोंगा. हवालदार मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळं राग आला की कानडीत शिरायचे आणि राग ओसरला की मराठीत परतायचे. बायको वारली होती. मुलगा दूर कुठंतरी नोकरीला. एका खोलीत एकटे राहायचे आणि वेळ जावा म्हणून लोकांचे स्टोव्ह, कुलपं, शिलाई मशीन दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेला स्टोव्ह ते नुसता हातात देत नसत. आधी टाकी रिकामी करून दाखवत, मग बर्नर भिंतीकडं वळवत आणि मग म्हणत, "हं, घ्या ताब्यात."

त्या साली उन्हाळ्यात आमच्या गल्लीतून एक वरात निघाली. सत्तरनंतरची ती वर्षं. वरातीत बंदुकीचे बार काढायची तेव्हा भारी हौस. नवरदेवाचे मामा गावाकडून बारा बोअरची दुनळी घेऊन आले होते. बँड होता कासीमभाईंचा. कासीमभाईंचं क्लॅरोनेट म्हणजे असं, की ते वाजायला लागलं की मागावर बसलेला माणूस धोटा हातात धरून थांबायचा.

दोन बार हवेत निघाले. मामांनी पुन्हा काडतुसं भरली. तेवढ्यात फटाक्यानं नवरदेवाची घोडी बुजली, मामांना धक्का बसला, बंदूक आडवी झाली आणि बार सुटला. छर्रे कासीमभाईंच्या उजव्या हातात घुसले. क्लॅरोनेट रस्त्यावर पडलं आणि बँड एकेक वाद्य करत थांबला.

हवालदार दारातच उभे होते. ते धावले. मामांच्या हातातली बंदूक घेतली, बिजागरीत मोडून उघडली, उरलेलं काडतूस काढलं, खांद्यावरचा पंचा फाडून कासीमभाईंचा हात बांधला आणि त्यांना टांग्यात घातलं. मी टांग्यात समोर बसलो होतो. दवाखाना येईपर्यंत हवालदारांनी तो बांधलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

कासीमभाई वाचले, हातही वाचला. पण उजव्या हाताची दोन बोटं वाकेनात. आणि त्याच महिन्यात महापालिकेची निवडणूक लागली.

आमच्या वॉर्डात तीन उमेदवार. पहिले वकीलसाहेब. त्यांची पहिली सभा गटारांवर होती. गटारं कशी बांधू, कुठून काढू, असं रंगात आलं होतं. एवढ्यात हवालदार उठले. "उमेदवारसाहेब, एक सवाल. वरातीतल्या बंदुकीचं काय?"

वकीलसाहेब गोंधळले. "ते... तेही झाकून घेऊ," म्हणाले. सभा जी हसली ती आवरेना.

पण दुसऱ्या दिवसापासून गंमत झाली. हवालदार सकाळी घरोघर जाऊन सांगायचे, "मत मागायला आले की इचारा, बंदुकीचं काय?" उमेदवार नळावर आला, बाया विचारायच्या. गिरणीच्या फाटकात आला, कामगार विचारायचे. मला तर त्यांनी सरळ कामालाच लावलं. "काय करलालाव गुरुजी? पेपर तपासलालाव? ते ऱ्हाऊ द्या. तुमचं अक्षर चांगलं हाय, सवाल लिवा." मी पुठ्ठ्यावर सवाल लिहून दिला आणि तो पुठ्ठा गळ्यात अडकवून हवालदार बाजारातून हिंडले. आठ दिवसांत अशी अवस्था झाली, की गटारांबद्दल बोलायला कुणी तयारच होईना.

मग तिन्ही उमेदवारांना बंदुकीवर मत बनवावंच लागलं. वकीलसाहेब म्हणाले, सगळा दोष परवान्यांचा आहे. निवडून आलो की महापालिकेत ठराव करून कलेक्टरसाहेबांकडं पाठवतो. दरवर्षी बंदूकवाल्याची तपासणी, आणि वरातीत बंदूक न्यायची तर तीन प्रतींत अर्ज.

हवालदारांनी विचार केला. "इचार चांगला हाय," म्हणाले, "पण तीन प्रती भरेस्तोवर नवरीच्या पोराचं बारसं यायचं की."

दुसरे उमेदवार तालमीचे पैलवान. उंचेपुरे, मनानं सरळ. त्यांचं म्हणणं उलटं. "धाक पाहिजे, धाक! गल्लीतल्या चार भल्या माणसांना बंदुका मिळवून देतो. मग कुणाची छाती हाय आगाऊपणा करायची?"

"मामा भलाच माणूस होता की," हवालदार म्हणाले. पैलवानांनी मिशीला पीळ दिला.

तिसऱ्या होत्या नरसूबाई. विड्या वळणाऱ्या. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हींत तोंडानं फटकळ. त्या म्हणाल्या, "अर्ज नको, धाक नको. वरातीत बंदूक दिसली की आमी बाया खाली बसणार. नवऱ्याला ओवाळणार न्हाई, अक्षता टाकणार न्हाई, पंगत वाढणार न्हाई. बंदूक घेऊन लगीन लावा म्हणावं बंदुकीसंगं."

पुरुष खदखदा हसले. हवालदार हसले नाहीत. मला म्हणाले, "गुरुजी, हे लिवून ठिवा."

मतदानाच्या आधी आठ दिवस हवालदारांनी तिघांची मिळून एक सभा बोलावली. मारुतीच्या देवळासमोरच्या पटांगणात सगळा वॉर्ड लोटला. गिरणीची पाळी सुटली होती, माग बंद झाले होते, गच्चीवर माणसं, निंबाच्या झाडावर माणसं. हवालदार जुना खाकी कोट घालून गळ्यात शिट्टी अडकवून उभे. स्टेजवर तीन खुर्च्या त्यांनी हातानं मोजून सारख्या अंतरावर मांडल्या होत्या. वेळ संपला की शिट्टी. वकीलसाहेबांना शिट्टी झाली तेव्हा ते नुकते प्रस्तावना संपवत होते. नरसूबाईंचं भाषण शिट्टीच्या आधीच संपलं आणि बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मग पैलवान उठले. त्यांच्या हातात चक्क बंदूक!

निवडणुकीच्या दिवसांत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात. पैलवान म्हणाले, "जमा करायलाच निघालो होतो. वाटेत सभा लागली." लोक हसले. पैलवानांना हुरूप आला. "ही बघा! हिला बघूनच माणूस सरळ होतो. उगं भिऊ नका, रिकामी हाय!" आणि त्यांनी बंदूक एका हातात धरून लोकांपुढून फिरवली. पुढच्या रांगा वाऱ्यातल्या ज्वारीसारख्या वाकत गेल्या.

"नळी खाली!"

मी तो आवाज शेकडो वेळा ऐकला होता, पण असा कधी नाही. पैलवानांचा हात आपोआप खाली गेला. हवालदार तीन ढांगांत स्टेजवर चढले, बंदूक काढून घेतली आणि सगळ्यांदेखत बिजागरीत मोडून उघडली.

एका नळीत काडतूस होतं. पितळी बूड दिव्यात चमकलं.

हवालदारांनी ते दोन बोटांत धरून वर केलं. नुसतं बोट करून पुढच्या रांगेकडं दाखवलं. तिथं पैलवानांची धाकटी मुलगी बसली होती. क्षणापूर्वी नळी तिच्यावरूनच फिरली होती.

पैलवानांचा चेहरा पांढरा पडला. एवढा मोठा माणूस, स्टेजवरून उतरला, मुलीला उचलून छातीशी धरलं आणि तसाच उभा राहिला. मग कुणीतरी माईक पुढं केला. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "परवा डुकराच्या शिकारीला गेलो होतो. काढायचं राहिलं असंल. माझं भाषण झालं." आणि मुलीला घेऊन निघून गेले.

निवडणूक वकीलसाहेबांनी जिंकली. नरसूबाई थोडक्यात पडल्या. पैलवानांनी बंदूक ठाण्यात जमा केली ती परत आणायला गेलेच नाहीत. वकीलसाहेबांनी शब्द पाळला, ठराव झाला, तीन प्रतींत कलेक्टर कचेरीकडं गेला आणि तिथून 'प्रकरण विचाराधीन आहे' असं उत्तर आलं.

पण पुढच्या लगीनसराईत पहिल्याच वरातीत बंदूक निघाली आणि नरसूबाई आरतीचं ताट घेऊन रस्त्यात खाली बसल्या. त्यांच्या मागं साठ-सत्तर बाया बसल्या. नवरदेव घोडीवर, पुढं बायांची भिंत. अर्धा तास वरात जागची हलली नाही. शेवटी नवऱ्याच्या बापानं बंदूक बैलगाडीत गवताखाली घातली, तेव्हा आरती झाली. दुसऱ्या दिवशी हवालदार धापा टाकत माझ्या वर्गात शिरले. "गुरुजी, बंदूक गवताखाली! गवताखाली!" पोरांना वाटलं, इतिहासाचा धडा आहे.

मी दुपारी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडं गेलो, म्हटलं पेढा देऊ. खोलीला कुलूप. दुसऱ्या दिवशीही त्याच वेळी कुलूप. शेजारीण म्हणाली, "दुपारी असंच असतंय. कासीमभाईकडं जातेत."

कासीमभाईंचं घर दोन गल्ल्या पलीकडं. वळणावरच मला क्लॅरोनेट ऐकू आलं आणि मी थबकलो. सूर कासीमभाईंचाच, पण मधेच अडखळायचा, किंचाळायचा, पुन्हा सावरायचा.

दारातून बघतो तर कासीमभाई बाजेवर बसलेले. तोंडात क्लॅरोनेट, वरच्या भोकांवर त्यांचा डावा हात. आणि खाली बुटक्या पाटावर मल्लप्पा हवालदार. तेलानं काळी झालेली त्यांची जाडजूड बोटं खालच्या भोकांवर. कासीमभाईंनी फुंकायचं आणि हवालदारांनी खालची बोटं चालवायची. हवालदारांच्या कपाळावर घाम.

"उंगली उठाव, हवालदारसाब! उठाव ना!" कासीमभाई ओरडले. "कबसे दाबके बैठे?"

"चुकलं, उस्ताद," हवालदार म्हणाले. गल्लीभर हुकूम सोडणारा माणूस, कान धरायचाच तेवढा राहिला होता.

मला बघून ते ओशाळले. मी शेजारी बसलो. थोड्या वेळानं भोकांवरची बोटं न काढताच ते म्हणाले, "गुरुजी, लगनाच्या आठ दिस आदी मामा आला होता माझ्याकडं. चाप अडकतोय म्हणला. मी नीट करून दिला. असा हलका करून दिला की नुस्तं बोट लागलं तरी..." त्यांनी क्लॅरोनेटवरच्या आपल्या बोटांकडं बघितलं. "तीस वरसं बंदुका पुसून दिल्या लोकांच्या हातात. पुढं काय झालं, कवा इचारलं न्हाई."

मी कासीमभाईंकडं बघितलं.

"मालूम है," ते म्हणाले. "दवाखान्यातच बोलले मेरेकू. रोते थे. मी बोललो, रोके क्या होता? मेरी दो उंगल्या गयी, तुमच्या दहा हैं. बैठो बाजूमें." आणि त्यांनी क्लॅरोनेट पुन्हा तोंडाला लावलं.

त्या दिवशी एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत निघालं. दोन ठिकाणी किंचाळलं, पण निघालं. कासीमभाईंनी क्लॅरोनेट पुसून ठेवलं.

मी उठलो. "चला हवालदार, घरी जाऊ."

हवालदार पाटावरून हलले नाहीत. बोटं मोडत म्हणाले, "तुमी व्हा पुढं, गुरुजी. मी बसतो जरा हितंच. घरी कोण वाट बघायलंय?"

मी चपला घालत होतो, तेव्हा कासीमभाई आत सुनेला सांगत होते, "चाय दो कप रख, बेटा. हवालदारसाब हैं अभी."