बॅटरीचा ओलावा

रिठदच्या इंद्रभान गावंडेच्या ओसरीत चार दिवसांपासून एक पाटी भिंतीला टेकून उभी होती. पाटीवर पिवळ्या अक्षरांत 'तुळजाई महिला बचत गट, डाळ केंद्र' आणि त्याखाली 'अध्यक्ष : सौ. चतुराबाई इंद्रभान गावंडे' असं रंगवलेलं होतं. चतुराबाईचं नाव आजवर रेशनकार्डावर आणि मतदार यादीत आलं होतं, म्हणजे सरकारला लागेल तेवढंच. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा जागी ते पहिल्यांदाच लागणार होतं. म्हणून झाडलोट करताना ती रोज पाटी पुसायची, आणि स्वतःच्या नावावर फडकं जरा जास्त वेळ फिरवायची.

शनिवारी दहा वाजता वाशीमहून बचत गटांचं काम पाहणाऱ्या मॅडम उद्घाटनाला येणार होत्या. पाटी लावून द्यायला अनुप सुतार तयार होता. पण गटाच्या बैठकीत, कुणी विचारलेलं नसताना, इंद्रभानने दारातूनच जाहीर केलं होतं, "सुताराले कायले बलावता? माह्याकडे बिनवायरचं ड्रिल हाय. चार छेद, चार मिनिटं." अकरा बायांनी माना डोलावल्या आणि चतुराबाईने ते ठरावात लिहून घेतलं. आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती.

गुरुवारी सकाळी त्याने ड्रिल काढून बटन दाबलं. ड्रिल एकदा घुरघुरलं आणि गप्प झालं. वर्षभर त्याने बॅटरी टिनाच्या खोलीत चार्जरला लावूनच ठेवली होती. बैलापुढे वैरण असली की तो लागेल तेवढी खातो, बॅटरीचंही तसंच असेल असा त्याचा समज होता. उन्हाळाभर तापत्या टिनाखाली खाऊन खाऊन ती बिचारी फुगली होती.

"मेली वाटते," चतुराबाई म्हणाली.

"मरत नसते. थकली हाय."

"तिचं काई बी होवो. पाटी शनवारी लागली पाह्यजे," ती म्हणाली आणि आत निघून गेली. आवाज चढवला नाही, आणि इंद्रभानला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्याने मोटरसायकल काढली आणि रिसोडला रतनसिंगचं दुकान गाठलं.

"जुनी कुठी हाय?" रतनसिंगने विचारलं.

"घरी. पन मले ध्यानात हाय. एवढी हाय." इंद्रभानने हवेत दोन्ही हातांनी बॅटरी करून दाखवली.

"व्होल्ट किती?"

"घरातल्या जिनसेचे व्होल्ट कोन मोजते भाऊ?"

रतनसिंगने त्याला परत पाठवलं. दुपारी तो जुनी बॅटरी आणि ड्रिल दोन्ही घेऊन आला. फुगलेली बॅटरी पाहताच रतनसिंगने ती दोन बोटांनी उचलून दूर नेऊन ठेवली. "हिले आता चार्जर लावू नका. मीच देतो जमा करून. अन् हे पाहा, ड्रिलवर अठरा व्होल्ट लिहेल हाय, तं बॅटरी अठराचीच पाह्यजे. अन् खालची खाच बी हेच पाह्यजे, नाईतं बसतच नाई."

"अन् या बॅटऱ्यायवर हे दोन अन् चार काय लिहेल हाय?"

"थे टाकी समजा. चारची जास्त वेळ चालते, पन जड हाय."

इंद्रभानने चारची उचलली. जास्तीचं मिळत असताना कमी घेऊन घरी जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"चार्ज झाली का काढून ठेवाची. उनात ठेवाची नाई. सावलीत, कोरड्या जागेत ठेवाची. लिहून देऊ का?"

"मी काय लहान हाओ? कोरड्या जागेत," इंद्रभान म्हणाला. बाकीचं त्याच्या डोक्यावरून गेलं होतं, एवढं मात्र पक्कं बसलं. सोयाबीनचे दिवस होते. त्या दिवसांत तिकडच्या माणसाला दुसरं सुचतच नाही. बाजारात माल नेला की व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो आणि पहिलं नाव ओलाव्याचं काढतो.

त्यातून घरी आल्यावर तो बॅटरी मोटरसायकलच्या पिशवीतच विसरला. शुक्रवारी सकाळी पाहतो, तर दवाने खोकं नरम पडलेलं आणि बॅटरी हाताला थंडगार. इंद्रभानने ती गालाला लावून पाहिली आणि निदान केलं, "ओलावा धरला." अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन पसरलेलं होतं. दोन घंटे ऊन दाखवावं म्हणून त्याने बॅटरी त्यातच ठेवली, आणि कुणी उचलू नये म्हणून वरून दोन ओंजळी सोयाबीन टाकलं.

माल न्यायला दुपारी येणारी गाडी नेमकी दहालाच आली. ड्रायव्हर घाई करू लागला, इंद्रभान मजुरांना घाई करू लागला, आणि अर्ध्या-पाऊण तासात एकवीस कट्टे भरून, शिवून गाडीत चढले. गाडी रिसोडच्या रस्त्याला लागल्यावर चतुराबाई ड्रिल घेऊन बाहेर आली.

"बॅटरी कुठी हाय?"

इंद्रभानने ताडपत्रीकडे पाहिलं. ताडपत्रीवर चार दाणे आणि एक चिमणी होती.

"तुमी बॅटरी वाळू घातली?" चतुराबाईने सावकाश विचारलं.

"ओलावा काढून राह्यलो होतो."

"मंग आता कोन्या कट्ट्यात हाय?"

"एकवीस हायेत," इंद्रभान म्हणाला. "एकात असंन."

तो बाजारात पोचला तेव्हा मोहनसिंग व्यापारी त्याच्याच मालाचा नमुना काढत होता. कट्ट्यात लोखंडी नळी खुपसायची, दाणे काढायचे, पुढे जायचं. आठ कट्टे झाले. नवव्यात नळी ठक्कन अडली. मोहनसिंगने पुन्हा खुपसली, पुन्हा अडली.

"काका," तो म्हणाला, "वजनासाठी गोटे भरून राह्यले का?"

सगळी रांग वळून पाहू लागली. तीस वर्षं इंद्रभानने या बाजारात निवडलेला माल आणला होता. त्याचं तोंड उतरलं. "गोटा नाई बाप्पा. बॅटरी हाय."

"कायची?"

"ड्रिलची."

"सोयाबीनमंदी काहून?"

"वाळू घातली होती."

मोहनसिंगने कट्टा उसवून बॅटरी बाहेर काढली, पुसली, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने ओलावा मोजायच्या यंत्राशेजारी ठेवली. "मोजू का?" त्याने विचारलं. त्यानंतर हमाल जे हसायला लागले, ते इंद्रभान बाजाराच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत थांबले नाहीत. चोरीपेक्षा खुळेपणाचा आळ बरा, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

घरी येताच त्याने बॅटरी चार्जरला लावली. लाल दिवा उघडझाप करू लागला. काढून लावली, फुंकर मारून लावली, देवाचं नाव घेऊन लावली. दिवा उघडझापच करत राहिला. इंद्रभान खाटेवर बसला. समोर पाटी होती, तिच्यावर बायकोचं नाव होतं, आणि आपल्याच्याने चार छेद पडत नाहीत हे त्याला फार लागलं. "अनुपले सांग उद्या येवाले," तो हळूच म्हणाला.

चतुराबाईने फोन उचलून रतनसिंगला लावला आणि गटाची वही पुढे ओढली. "हव. उनात होती. हव, सोयाबीनमंदी. हसून घ्या, मंग सांगा." ती लिहीत गेली. "तडा नाई, वरून खरचटली फक्त. फुगली बी नाई. गरम हाय म्हनून घेत नाई का? बरं. फ्रिजमंदी नाई ठेवाची. दिवा हिरवा झाला का काढाची."

तिने बॅटरी सावलीत फरशीवर ठेवली. दीड तासाने चार्जरला लावली आणि शेजारी तूर निवडत बसली. दिवा हिरवा झाला तशी काढून कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. इंद्रभान दोनदा जवळ येऊन गेला. "तुमी हात नका लावू," एवढंच ती म्हणाली.

शनिवारी चार छेद खरोखरच चार मिनिटांत पडले. पाटी सरळ लागली. मॅडम आल्या, फीत कापली, पाटी मोठ्याने वाचली, आणि त्यांची नजर स्टुलावर उभ्या असलेल्या इंद्रभानच्या हाताकडे गेली.

"अरे वा, हे ड्रिल गटाचं का? अशी अवजारं भाड्यानेही देता येतात, बरं का."

"हव मॅडम, गटाचंच हाय," चतुराबाई म्हणाली. "भाड्यानं देनार हाओत. बॅटरी कशी सांभाळाची थे बी आमी लिहून ठेवलं हाय."

इंद्रभानने तोंड उघडलं. खाली अकरा बायांनी माना डोलावल्या. मॅडमनी डायरीत नोंद केली, फोटो काढला, आणि इंद्रभानने तोंड मिटलं. ड्रिल त्याच दिवशी केंद्राच्या कपाटात गेलं.

बुधवारी गोठ्याच्या दाराची कडी निखळली. तो केंद्रात गेला. "अवो, जरा थे ड्रिल द्या."

"अर्ज लागते," चतुराबाई टेबलामागून म्हणाली.

"कोनाच्या नावानं?"

"अध्यक्षाच्या."

इंद्रभान हसला. ती हसली नाही. मग त्याने कागद घेतला आणि कोपऱ्यात बसून 'मा. अध्यक्ष' असं लिहिलं. पुढे पेन थांबलं. चोवीस वर्षांत त्याने तिला 'अवो' आणि 'वैभवीची माय' यांखेरीज हाक मारली नव्हती. त्यांच्या घरात कुठल्याच पुरुषाने बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं, मग लिहिणं तर दूरच. कुणी पाहत नाही ना, हे त्याने एकदा बघून घेतलं. मग वळणदार अक्षरात, एकही शब्द न गाळता, तिचं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याखाली कडीची हकीकत.

चतुराबाईने अर्ज वाचला. परत पहिल्या ओळीपासून वाचला. मग घडी घालून आपल्या बटव्यात ठेवला, आणि कपाट उघडून ड्रिल नि बॅटरी त्याच्यापुढे ठेवली.

"मंजूर झाला म्हना," इंद्रभान उठत म्हणाला.

"हव. पन दुसरा लिहून द्या."

"काहून? काई चुकलं का?"

"चुकलं काई नाई," चतुराबाई खाली पाहत म्हणाली. "फायलीले एक लागंन नं. हा मी ठेवून घेतला."