आप्पांची दोन हजार चारशे अठरा मेंढरं

"एरर सांभाळावी तर खंडेरावनंच!" असं गारखेड्यातल्या त्या ऑफिसात कुणीही म्हणत नव्हतं. म्हणायचा तो एकटा खंडेराव, दिवसातून चार वेळा, ऐकायला कुणी असो वा नसो. सात वर्षं झाली प्रोग्रामिंग करतोय, एक चूक हातून निसटली नाय! आता सात वर्षांत एकही चूक न निसटलेला प्रोग्रामर म्हणजे एक तर देवमाणूस, नाहीतर त्यानं कामच केलेलं नसतं. खंडेराव दोन्हींतला नव्हता. काम करायचा, चांगलं करायचा. फक्त दुसऱ्याचं कौतुक कानावर पडलं की त्याच्या पोटात मिरची पडायची.

आणि गेला महिनाभर ती रोज पडत होती. मिरचीचं नाव सुकेशनी.

सुकेशनी वर्षभरापूर्वी कामाला लागलेली. बोलायची कमी, डबा खाताना पण कोड वाचायची. मेंढ्यांना लस टोचणाऱ्या एका संस्थेसाठी कंपनी ॲप बनवत होती. मेंढपाळानं मोबाईलवर नाव टाकायचं, मेंढ्या किती ते टाकायचं, की डॉक्टर लस घेऊन वस्तीवर हजर! पण नेट गेलं, काही बिघडलं, की पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी शिमगा सुरू व्हायचा. चाचणीला घेतलेले मेंढपाळ घाबरून मोबाईल खिशात टाकायचे. सुकेशनीनं काय केलं, एक छोटं मदतीचं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, लिहिलं. वीस ओळींचं. ॲपात कुठंही चूक झाली की हे फंक्शन ती पकडायचं आणि साध्या बोलीत सांगायचं, "नेट गेलंय. तुमची नोंद झाली का नाय ते ठाऊक नाय. जरा उंचावर जाऊन बघा."

बस, एवढंच! एवढ्यावर कंपनीचे मालक काकासाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "वा! ह्याला म्हणतात एरर हँडलिंग! चूक झाकायची नाय, माणसाला समजंल असं सांगायचं! पोरीनं दिल जीत लिया!"

खंडेरावचा चहा तोंडातल्या तोंडात थांबला. मेंढपाळाच्या घरात जन्मलो मी! बोली माझी, मेंढरं माझ्या बापाची, आणि दिल जिंकायचं हिनं?

घरी गेला तर तिथंही तेच. बायको योगिनी मोबाईलवर ॲप उघडून बसलेली. "अहो, हा मेसेज किती गोड लिहिलाय! तुम्हीच लिहिला ना?"

"भाजी वाढ," खंडेराव म्हणाला.

त्यात काकासाहेबांनी सोमवारी रॉकेल ओतलं. "गुरुवारी दौलताबादला पहिलं शिबिर. ते नीट पार पडलं की टीम लीड कोण ते जाहीर करतो." हे बोलताना त्यांनी सुकेशनीकडं बघितलं. सगळ्यांनीच तिकडं बघितलं. तीन वर्षांपासून त्या टीम लीडच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेल्या खंडेरावनं पंख्याकडं बघितलं.

त्याच दुपारी तो हट्टाला पेटला. मदतीचं फंक्शन म्हणे! मी लिहितो, बघाच! चूक सांगायचीच कशाला माणसाला? नोंद झाली नाय असं वाटलं तर परत पाठवायची. नाय झाली? परत! होईस्तोवर सोडायचं नाय! दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की पुन्हा धाड, असं त्याचं फंक्शन. आणि मेंढपाळाला लाल अक्षर दिसायलाच नको. त्याच्यासाठी फक्त एक हिरवी खूण: "झालं बघा!" लिहून झाल्यावर खंडेरावला स्वतःचाच मुका घ्यावासा वाटला. मग त्यानं इकडं तिकडं बघून ॲपातलं सुकेशनीचं फंक्शन गुपचूप काढलं आणि आपलं बसवलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. गुरुवारी शिबिर झकास झालं की मग सगळ्यांसमोर सांगायचं, असा बेत!

बुधवारी सुट्टी टाकून गडी मोटारसायकलवर थेट दौलताबाद. किल्ल्याच्या मागच्या अंगाला त्याच्या बापाची, आप्पांची वस्ती. शिबिराची पहिली नोंद आपल्याच बापाची, आपल्याच हातानं करायची!

"आप्पा, मेंढरं किती टाकू?"

आप्पांनी आधी शेजारच्या बांधाकडं बघितलं. तिथं शेजारी कडूबा दोरी वळत बसला होता, पण कान आख्खा इकडं. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. मेंढपाळाला मेंढरांचा आकडा विचारायचा नसतो, आणि विचारला तर त्यानं सांगायचा नसतो. नजर लागते! आप्पांनी चाळीस वर्षांत तो सख्ख्या व्याह्यालाही सांगितला नव्हता. कुणी विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "हायेत, देवाच्या दयेनं." पुढं एक शब्द नाही.

"आरं, मोबाईलला तरी कशाला सांगायचं?" आप्पा कुजबुजले.

"आप्पा, सांगितल्याबिगर लस कशी येईल?"

आप्पांनी पोराच्या कानाला तोंड लावलं. "बासष्ट. आन् बोंबलू नको!"

खंडेरावनं बासष्ट टाकलं, बटण दाबलं. रेंज डोंगराआड. चक्र फिरलं, फिरलं, चांगलं सव्वा मिनिट फिरलं. आणि मग आली हिरवी खूण. "झालं बघा!"

काय झालं होतं ते तुम्हाला सांगतो, कारण खंडेरावला तेव्हा ठाऊक नव्हतं. नोंद पहिल्या फटक्यातच पोचली होती. "पोचली" हे उत्तर तेवढं डोंगरात अडकलं होतं. फंक्शनला वाटलं, गेलीच नाही. धाडली परत. तीही पोचली. परत धाडली. तीही पोचली! एकोणचाळीस वेळा! दर वेळी बासष्ट मेंढरं. किती झाली ते बोटं मोडत बसू नका, मथळ्यात लिहिलंय.

खंडेराव मात्र मिशीला पीळ देत होता. "आप्पा, उद्या जे काय होईल ना, ते सगळं माझ्या हातचं! त्या सुकेशनीचं होतं ते मी काढून टाकलंय. कुणी विचारलं तर छाती ठोकून सांगा!"

"सांगतो की," आप्पा म्हणाले. पोरगं काय करतं ते त्यांना सात वर्षांत कळलं नव्हतं. पण पोरगं खूश होतं, एवढं कळलं. संध्याकाळी खंडेराव गारखेड्याला परतला.

गुरुवारी सकाळी गावातल्या सगळ्या मेंढपाळांच्या मोबाईलवर शिबिराची यादी गेली. पहिलं नाव, आप्पा. मेंढरं, २४१८.

कडूबानं ते दोनदा वाचलं, मग बायकोकडून वाचून घेतलं, आणि बांधावरच खाली बसला. "दोन हजार! चाळीस वर्षं म्हातारा 'देवाच्या दयेनं, देवाच्या दयेनं' करू राहिला, आन् आतून दोन हजार!" आकडा खोटा असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. येणार कसं? खरा आकडा गावात कुणाला माहीत होता? उलट सगळ्यांना पटलंच. एवढं लपवत होता म्हणजे तेवढं असणारच! आणि कडूबाची यादीतली मेंढरं होती एक्केचाळीस. ती बघून त्याच्या अंगाची लाही लाही झाली. त्यानं मोटारसायकल काढली, साडूच्या वस्तीवर गेला, मेहुण्याच्या गेला, "आजच्या दिवस द्या" म्हणून सगळ्यांचे कळप मागून आणले. दहा वाजता किल्ल्यासमोरच्या रस्त्यावर चारशे मेंढरं आणि पर्यटकांच्या तीन बसगाड्या एकमेकांकडं बघत उभ्या! पर्यटकांनी किल्ल्याकडं पाठ करून मेंढरांचे फोटो काढले.

संस्थेचे डॉक्टर बद्रीनाथ दोन जीपगाड्या घेऊन आले. बर्फाच्या पेट्या, लस टोचणारे आठ जण, आणि वर शाल-श्रीफळ. एवढ्या मोठ्या मेंढपाळाचा सत्कार नको करायला? त्यासाठी त्यांनी आणखी दोन गावांची लस इकडं वळवली होती. काकासाहेब, सुकेशनी आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला खंडेराव गारखेड्याहून आले, तेव्हा आप्पा शाल पांघरून खुर्चीवर बसलेले होते. सकाळपासून लोक एवढा मान का देऊ राहिलेत ते त्यांना उमगत नव्हतं, पण मान कुणाला नको असतो?

"आप्पा," डॉक्टरांनी हात जोडले, "ही साठेक मेंढरं दिसतायत. बाकीची?"

आप्पा दचकले. आकडा विचारू राहिले! चारचौघांत!

"हायेत, देवाच्या दयेनं."

"हो, पण कुठं आहेत?"

"हायेत."

"मागच्या खोऱ्यात असतील!" कडूबा ओरडला. "मला आधीपासून डाऊट होता! म्हातारा रोज तिकडं जातो!" झालं! डॉक्टरांनी चार माणसं डोंगरामागं धाडली. ती दोन तास उन्हात भटकून आली. सापडली एक शेळी, तीही कडूबाच्या मेहुण्याची.

तोवर काकासाहेबांनी लॅपटॉप उघडला होता. आप्पांच्या नावावर नोंदी एकोणचाळीस! एकाखाली एक, एकासारखी एक! काकासाहेबांचा चेहरा बघता बघता लाल झाला.

"सुकेशनी! हे काय? दोन गावांची लस उगाच इथं आली! संस्थेला काय तोंड दाखवू मी? आणि मी तुला टीम लीड करायला निघालो होतो!"

सुकेशनी शांतपणे म्हणाली, "सर, माझं फंक्शन परत पाठवत नाही. ते नुसतं सांगतं."

"तुझंच बसवलंय ना ॲपात?"

"मी तरी तेच बसवलं होतं."

खंडेराव बुटाच्या टोकानं माती उकरत होता. आपली चूक त्याला आकडा बघताक्षणीच कळली होती. प्रोग्रामर होता तो, खुळा नव्हता! बोलावं, असं वाटत होतं. घसा पण खाकरला. पण महिनाभरात पहिल्यांदाच सुकेशनीला कुणी रागावत होतं, आणि खरं सांगायचं तर ते ऐकायला त्याला लई गोड वाटत होतं. शिवाय खुर्ची! गप राहिलं तर खुर्ची आपली! आणखी थोडं ऐकू, मग बोलू, असं म्हणत तो गप राहिला. सुकेशनीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मात्र त्याला कसंसंच झालं. तरी गप राहिला.

खुर्चीवर बसलेल्या आप्पांना एवढंच कळलं, की साहेब विचारू राहिलेत, हे काम कुणाचं? आणि सगळं श्रेय त्या पोरीला देऊ राहिलेत! ज्या कामापायी आपल्याला शाल मिळाली, नारळ मिळाला, गावभर नाव झालं, ते काम! म्हातारा ताडकन उठला.

"ओ साहेब! तिचं नाव कशापायी घेता? हे समदं माझ्या खंडूनं केलंय!"

"आप्पा, बसा," खंडेराव पुटपुटला.

"काहून बसू? काल माझ्या म्होरं बसून केलं यानं! तिचं होतं ते काढून टाकलं, आपलं घातलं, त्यानं सोता सांगितलं मला! आन् तू रं, लाजतो काय? म्हणला व्हतास ना, कुणी विचारलं तर छाती ठोकून सांगा?" आप्पांनी खरंच छाती ठोकली. "लिहून घ्या साहेब! खंडेराव! दुसऱ्या कुणाचा हात नाय त्यात!"

काकासाहेब वळले. डॉक्टर वळले. कडूबा पण वळला. चारशे मेंढरंही वळली असं खंडेराव पुढं सांगायचा, पण ते काही खरं नाही.

"खंडेराव," काकासाहेब म्हणाले, "खरं का?"

"व्हय," खंडेराव म्हणाला. मग सुकेशनीकडं बघून, "चूक माझी हाय. मघाशीच बोलायला पाहिजे होतं." सुकेशनीनं डोळे पुसले आणि मान हलवली.

उरलेल्या लसीच्या बाटल्या फोडलेल्या नव्हत्या, म्हणून पेटीतल्या पेटीत परत गेल्या. कडूबानं गोळा केलेल्या चारशे मेंढरांना मात्र फुकटात लस मिळाली. त्याचा साडू अजून त्याचं नाव काढतो. आप्पांना कुणी काही समजावून सांगितलं नाही. शाल त्यांच्याकडंच आहे, आणि पुढं गावभर कानावर आलेला आकडा खोटा आहे हे त्यांनी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचा तर खरा आकडा सांगावा लागेल ना!

टीम लीड सुकेशनी झाली. खंडेरावनं तोंडभरून अभिनंदन केलं. त्याला वाटलं, सुटलो बुवा एकदाचा! जळायचं काही शिल्लकच राहिलं नाही!

सोमवारी संस्थेकडं खुलासा पाठवायचा होता. तो सुकेशनीनं लिहिला. एक पान. खंडेरावच्या फंक्शननं नेमकं काय केलं, का केलं, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं. कुठं टोमणा नाही, कुणाचं नावही नाही. डॉक्टर बद्रीनाथांचा लगोलग फोन आला. असं लिहिलेलं आजवर वाचलं नव्हतं म्हणाले, सगळ्या शाखांना पाठवतो म्हणाले. काकासाहेबांनी त्या पानाची मोठ्या अक्षरांत प्रत काढून ऑफिसच्या भिंतीवर लावली. येणारा जाणारा वाचायचा आणि म्हणायचा, "काय सुंदर लिहिलंय हो!"

खंडेरावनंही भिंतीसमोर उभं राहून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. आणि पोटात पुन्हा मिरची पडली. दुपारी डबा तसाच घेऊन तो घरी गेला आणि त्यानं तो योगिनीसमोर आदळला.

"बघ गं, काय दुनिया हाय! चूक माझी, ती करायची मेहनत माझी, बाप माझा, मेंढरं माझी! आणि कौतुक कुणाचं? तिचं!"